मजुरी, प्रचार आणि मत : पर्याय कोणाकडे आहे?

1931 च्या हिवाळ्यात ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल या गावात तरुण संशोधकांचा एक गट उतरला. गावाची एकुलती एक कापडगिरणी बंद पडली होती आणि बहुतेक घरं बेकारभत्त्यावर दिवस काढत होती. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल यांनी तिथे जे पाहिलं ते 1933 मध्ये पुस्तकरूपाने आलं. बेकारी माणसाला पेटवते, क्रांतीकडे नेते, अशी त्या काळी अनेकांची धारणा होती. मारिएन्थालमध्ये उलटंच दिसलं. लोकांच्या हातात वेळच वेळ होता आणि वाचनालयाची वर्गणीही माफ झाली होती, तरी वाचायला नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली. राजकीय संघटनांचे सभासद गळाले. रस्त्याने चालणाऱ्या पुरुषांची चालसुद्धा मंदावली.

यातला लाझार्सफेल्ड पुढे अमेरिकेत गेला. 1940 च्या अध्यक्षीय निवडणुकीत, रूझवेल्ट आणि विल्की यांच्या लढतीच्या वेळी, त्याने ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत त्याच त्या मतदारांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा गाठून विचारलं : तुमचं मत बदललं का, आणि कशाने बदललं? प्रचारामुळे बाजू बदललेले लोक फार थोडे निघाले. बहुतेकांचं मत आधीच ठरलेलं होतं, आणि जिथे ते हललं तिथे रेडिओपेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द जास्त कामी आला होता.

काम गेल्यावर माणसाचं राजकारण कसं बदलतं आणि कोणाच्या सांगण्यावरून तो मत बदलतो, हे दोन प्रश्न एकाच संशोधकाने एकाच दशकात हाताळले होते. नंतर त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. श्रमबाजार अर्थशास्त्रज्ञांकडे गेला, प्रचार संज्ञापनाच्या अभ्यासकांकडे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अर्थशास्त्राने दोन्ही प्रश्न पुन्हा एका टेबलावर आणले आहेत. हे संशोधन एकत्र वाचताना मला त्यात एक धागा स्पष्ट दिसतो. मजुराची सौदाशक्ती आणि मतदाराचं स्वातंत्र्य एकाच गोष्टीवर उभं असतं : त्याच्यापाशी दुसरा पर्याय आहे का, आणि तो असल्याचं त्याला ठाऊक आहे का. पर्यायाविषयीचे हे दोन प्रश्न लक्षात ठेवून पुढचा आढावा वाचावा.

प्रचारापासून सुरुवात करू. इथे मोठी अडचण अशी की जो माणूस एखादी वाहिनी पाहतो तो मुळातच त्या विचाराचा असतो. मग वाहिनीने त्याला वळवलं की त्याने वाहिनी निवडली, हे कसं ओळखायचं? स्टेफानो डेलाविन्या आणि इथन कॅप्लन यांनी 2007 मध्ये एक युक्ती वापरली. फॉक्स न्यूज ही उजवीकडे झुकलेली वाहिनी ऑक्टोबर 1996 मध्ये सुरू झाली, पण केबल कंपन्यांनी ती सगळीकडे एकाच वेळी घेतली नाही. शेजारच्या, बाकी बऱ्याच बाबतींत सारख्या असलेल्या दोन गावांपैकी एकात ती दिसत होती, दुसऱ्यात नव्हती. अशा नऊ हजारांहून अधिक गावांची तुलना केल्यावर 2000 च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला हजार मतांमागे चार ते सात मतं जास्त पडल्याचं दिसलं. आकडा किरकोळ वाटतो. पण त्या वर्षी फ्लोरिडाचा आणि त्यासोबत अध्यक्षपदाचा निकाल 537 मतांनी लागला होता.

रशियात हाच परिणाम कितीतरी मोठा निघाला. 1999 च्या संसदीय निवडणुकीत एनटीव्ही ही सरकारच्या ताब्याबाहेरची एकमेव देशव्यापी वाहिनी होती, आणि तिचं प्रक्षेपण काही भागांत पोचत होतं, काहींत नाही. रुबेन एनिकोलोपोव्ह, मारिया पेट्रोव्हा आणि एकातेरिना झुरावस्काया यांनी दाखवलं की जिथे ती दिसत होती तिथे सरकारी पक्षाची शंभरातली जवळपास नऊ मतं कमी झाली. अमेरिकेत हजारात चार ते सात आणि रशियात शंभरात नऊ, हा फरक प्रेक्षकांच्या भोळेपणाचा नाही. अमेरिकी प्रेक्षकाला इतर दहा ठिकाणी बातमी मिळत होती. रशियन प्रेक्षकाकडे सरकारी वाहिन्या होत्या आणि त्यांच्यापेक्षा वेगळं बोलणारी ही एक. बातमीच्या बाजारात पर्याय जितके कमी, तितकं एका आवाजाचं वजन जास्त. याचं सर्वांत भयंकर रूप 1994 मध्ये रवांडात दिसलं. तिथे द्वेष पसरवणाऱ्या आरटीएलएम रेडिओच्या लहरी कुठल्या डोंगराआड अडल्या आणि कुठे पोचल्या, याचा हिशोब डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट याने मांडला. त्याच्या अंदाजानुसार वंशसंहारातल्या एकूण सहभागापैकी सुमारे एक दशांश, म्हणजे सुमारे 51 हजार माणसांचा सहभाग, त्या रेडिओमुळे घडला.

पर्याय नुसता देऊन भागतं का? युयू चेन आणि डेव्हिड यांग यांनी बीजिंगमधल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांना सरकारी बंधन ओलांडून परदेशी संकेतस्थळं पाहण्याची सोय फुकट पुरवली. बऱ्याच जणांनी ती सुरूही केली नाही, आणि ज्यांनी केली त्यांनीही परदेशी बातम्यांकडे फारसं वळून पाहिलं नाही. काही विद्यार्थ्यांना मात्र थोडे महिने त्या बातम्या वाचण्यासाठी बक्षिसं लावून प्रोत्साहन दिलं होतं. ते नंतरही वाचत राहिले, पदरचे पैसे भरून वाचत राहिले, आणि त्यांची मतंही बदलली. दार उघडं असूनही माणूस बाहेर पडत नाही, कारण बाहेर काही मोलाचं आहे याची त्याला कल्पनाच नसते. हा निष्कर्ष पुढे मजुरीच्या बाजारात जवळजवळ याच रूपात भेटतो.

घरोघरच्या प्रचाराविषयी फार वेळ घेत नाही, कारण चित्र बरंचसं स्पष्ट आहे. जोशुआ काल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी 2018 मध्ये अमेरिकेतले 49 क्षेत्रप्रयोग एकत्र तपासले. सार्वत्रिक निवडणुकीत पत्रकं, फोन आणि भेटीगाठींमुळे उमेदवाराची निवड बदलण्याचं सरासरी प्रमाण शून्याच्या आसपास निघालं. फ्रान्समध्ये मात्र 2012 साली अध्यक्षपदाचे उमेदवार ओलांद यांच्या कार्यकर्त्यांनी लाखो दारं ठोठावली, आणि व्हँसाँ पॉन्स याच्या अभ्यासात त्या पाच मिनिटांच्या समोरासमोरच्या बोलण्याने मतं खरोखर वळलेली दिसली. पक्षांचे अफाट प्रचारखर्च पाहता या दोन अभ्यासांवर आपल्याकडच्या निवडणूक व्यवस्थापकांनी विचार करायला हवा.

आता कामाकडे. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी 2013 मध्ये चिनी आयातीचा अमेरिकेतल्या वेगवेगळ्या भागांवर काय परिणाम झाला ते मोजलं. फर्निचर, खेळणी, कापड बनवणारी गावं कोसळली, आणि पाठ्यपुस्तकं सांगतात तसे तिथले कामगार दुसरीकडे उठून गेले नाहीत. ते तिथेच राहिले, बेकार किंवा कमी पगारावर. 2020 च्या पुढच्या अभ्यासात या गावांचं राजकारण तपासलं. आयातीचा मार बसलेल्या भागांपैकी जिथे गोऱ्यांचं बहुमत होतं तिथे कडवे रिपब्लिकन निवडून येऊ लागले. जिथे गौरेतरांचं बहुमत होतं तिथे डावीकडे झुकलेले डेमोक्रॅट. धक्का एकच होता, दिशा दोन झाल्या.

या एका निष्कर्षाने बरंच सोपं लिखाण निकालात निघतं. ‘आर्थिक असंतोषामुळे उजवं राजकारण वाढतं’ हे वाक्य अपुरं आहे. कारखाना बंद पडतो तेव्हा तो कोणामुळे बंद पडला, हे सांगायला कोणीतरी पुढे येतं. कोण येतं, आणि लोक त्याला आपला मानतात का, यावर पुढचं राजकारण ठरतं. प्रचार आणि रोजगार हे दोन विषय वेगळे ठेवता येत नाहीत ते या ठिकाणी. मुंबईच्या गिरणगावाने हे अनुभवलं आहे. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला आणि त्यासोबत हजारोंच्या नोकऱ्याही गेल्या. तरीही 1984 मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसची लाट असताना, दक्षिण-मध्य मुंबईने संपाचे नेते दत्ता सामंत यांना लोकसभेत पाठवलं. पाच वर्षांनी तीच जागा शिवसेनेकडे गेली. कामगार म्हणून दिलेलं मत मराठी आणि हिंदू म्हणून दिलेल्या मताकडे सरकलं, तेव्हा त्या चाळींमध्ये घडलेल्या प्रकाराचं स्पष्टीकरण देणारी माणसंही बदलली होती.

इथवर मालक आणि मजूर यांचा थेट संबंध आला नाही. या संशोधनातला सगळ्यात मोलाचा भाग मला तोच वाटतो.

चिलीमध्ये 1958 पर्यंत मतपत्रिका पक्ष स्वतः छापून वाटत. कोण कोणती पत्रिका घेऊन पेटीकडे जातो हे उघड दिसे. मोठ्या जमीनदारीत राहणारे ‘इंकिलीनो’ हे आपल्याकडच्या सालगड्यासारखे : जमीनदाराच्याच जमिनीवर घर, त्याच्याच कृपेवर तुकडाभर शेत, आणि काम गेलं तर डोक्यावरचं छप्परही गेलं. 1958 मध्ये सरकारने एकच अधिकृत मतपत्रिका आणली आणि मतदान खरोखर गुप्त झालं. जाँ-मारी बालाँ आणि जेम्स रॉबिन्सन यांनी 2008 मध्ये दाखवलं की जिथे इंकिलीनो जास्त होते तिथेच उजव्या पक्षांची मतं लक्षणीय घटली. याच दोघांनी पुढे त्या भागातल्या जमिनींचे व्यवहार तपासले. गुप्त मतदान आल्यावर त्या जमिनींच्या किमती उतरल्या होत्या. जमिनीसोबत मजुरांची मतंही विकत मिळत होती आणि ती किमतीत धरलेली होती, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

या व्यवस्थेची जडणघडण लक्षात घेण्याजोगी आहे. जमीनदार बाजारभावापेक्षा मजुराला थोडं बरं ठेवत असे; तेवढंच की काम गेल्यास मजुराचं नुकसान व्हावं. त्या फरकावर मत बांधलं जाई. धमकी देण्याची गरज क्वचितच पडे. दोघांनाही हिशोब ठाऊक होता.

पण मतदान गुप्त असेल, मोजणी चोख असेल, कोणी जोरजबरदस्ती करत नसेल, तर हा ताबा संपतो का? हा प्रश्न महाराष्ट्रातच विचारला गेला. सिवान अँडरसन, पॅट्रिक फ्रँस्वा आणि अशोक कोतवाल यांनी राज्यातल्या 320 गावांमधल्या नऊ हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी केली. ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात 2015 मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. ग्रामपंचायतीच्या निवडणुका मोकळ्या, चुरशीच्या आणि भरघोस मतदानाच्या निघाल्या. आरक्षणामुळे सरपंचपदी सगळ्या समाजांची माणसं होती. पुस्तकात शोभेल अशी लोकशाही. तरीही ज्या गावांत बहुतांश जमीन मराठा समाजाच्या हाती होती तिथे गरिबांसाठीच्या योजना, विशेषतः रोजगार देणाऱ्या योजना, फार कमी प्रमाणात उतरल्या होत्या. शेतमजुरी तिथे कमी होती. आणि त्याच गावांतले गरीब लोक मोठ्या जमीनदारांवर इतर गावांपेक्षा जास्त विश्वास असल्याचं सांगत होते.

शेवटचं वाक्य विसंगत वाटतं, पण लेखकांनी त्याची संगती लावली आहे. अडीनडीला, आजारपणात, दुष्काळात या गावांतला मोठा शेतकरी मजुराला धान्य देतो, उसने पैसे देतो, दवाखान्याची सोय लावतो. मजूर त्याच्या मर्जीतल्या माणसाला मत देतो. निवडून आलेला माणूस सरकारी योजना गावात आणण्यासाठी धडपडत नाही, कारण योजना आली की मजुराला दुसरीकडे काम मिळतं, मजुरी चढते आणि अडीनडीला मालकाच्या दाराशी जावं लागत नाही. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी खुशीची आहे. तरी एकूण हिशोबात मजूर गमावतो, कारण त्याला मिळणारी मदत ही त्याच्याकडून काढून घेतलेल्या पर्यायाच्या तुलनेत अगदी थोडी आहे. या अभ्यासाचा आधार घेऊन एका समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं चूक ठरेल. तो जमिनीच्या केंद्रीकरणाबद्दल बोलतो. त्याच समाजातले लाखो अल्पभूधारक आज स्वतः कर्ज आणि बेरोजगारीने गांजले आहेत.

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेकडे आता नव्याने पाहता येतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेली ही कल्पना 1972 च्या दुष्काळात राज्यभर पसरली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. खर्चासाठी 1975 पासून शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते हे तिचं दृश्य फळ. अर्थशास्त्रज्ञ मात्र तिच्या अदृश्य फळाकडे बोट दाखवतात. अविभाजित आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी 157 मंडलांमध्ये, सुमारे 1.9 कोटी लोकवस्तीवर, एक प्रयोग केला. तिथल्या केंद्रीय रोजगार हमीची, म्हणजे याच कल्पनेच्या देशव्यापी रूपाची, मजुरी स्मार्टकार्डने थेट आणि वेळेवर पोचू लागली. गरीब कुटुंबांची कमाई वाढली, आणि त्या वाढीचा फार मोठा भाग योजनेच्या मजुरीचा नव्हता. तो खुल्या बाजारातल्या मजुरीचा होता. सरकारी काम विश्वासार्ह झालं म्हणताच शेतमालकालाही दर वाढवावा लागला. मजुरी वाढूनही खासगी रोजगार घटला नाही.

मजुरी वाढली की काम कमी होणार, हा जुना ठोकताळा इथे का चुकला, याचं उत्तर जोन रॉबिन्सन यांनी 1933 मध्येच दिलं होतं. काम देणारे मोजकेच असतील तर ते मजुरी मुद्दाम खाली ठेवतात आणि त्यासाठी कमी माणसं लावतात. अशा बाजारात मजुरीचा तळ वर उचलला तर रोजगार घटत नाही, वाढूही शकतो. 1992 मध्ये न्यू जर्सीत किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर झालं, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी शेजारच्या पेन्सिल्व्हेनियाशी तुलना करून खाद्यगृहांतल्या नोकऱ्या कमी झाल्या नसल्याचं दाखवलं. त्यावर पुष्कळ वाद झाला. कार्ड यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं. क्रूगर ते पाहायला हयात नव्हते.

मालक एकच नसून अनेक असले तरी मजूर अडकलेला राहतो, हे जर्मनीतल्या अलीकडच्या एका अभ्यासाने पुढे आणलं. सिमोन येगर आणि सहकाऱ्यांनी कामगारांना विचारलं : ही नोकरी सोडावी लागली तर तुम्हाला दुसरीकडे किती पगार मिळेल? बहुतेकांनी सध्याच्या पगाराच्या जवळपासचाच आकडा सांगितला. कमी पगारावर काम करणाऱ्यांना बाहेर बराच जास्त पगार मिळाला असता, पण त्यांना तसं वाटत नव्हतं. या कामगारांचे अंदाज बरोबर असते, तर किमान 10 टक्के नोकऱ्या त्या पगारात टिकूच शकल्या नसत्या, असा लेखकांचा हिशोब आहे. बीजिंगचे विद्यार्थी आणि जर्मनीतले हे कामगार एकाच कारणाने जागचे हलले नाहीत.

मग सरकारने थेट खात्यात पैसे टाकले तर? उरुग्वेत 2005 ते 2007 दरम्यान गरीब कुटुंबांना मासिक रक्कम मिळे, आणि पात्रता एका गुणांकावर ठरे. त्या रेषेच्या किंचित अलीकडची आणि किंचित पलीकडची कुटुंबं जवळपास सारखीच. मार्को मानाकोर्डा, एडवर्ड मिगेल आणि आंद्रेआ व्हिगोरितो यांना आढळलं की लाभार्थींमध्ये सरकारला पाठिंबा देणाऱ्यांचं प्रमाण शंभरात 11 ते 13 ने जास्त होतं. आपल्याकडे ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत जुलै 2024 पासून दरमहा 1500 रुपये सुरू झाले आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. निकालाचं श्रेय या योजनेला देणारे लेख पुष्कळ आले. पण योजना सगळीकडे एकदम लागू झाल्याने ‘योजना नसती तर’ हे दाखवणारी गावं उरलीच नाहीत, त्यामुळे तो दावा उरुग्वेइतक्या खात्रीने कोणालाही करता येणार नाही. मला वेगळा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो : या 1500 रुपयांमुळे शेतमजूर बाईची खुरपणीचा दर ठरवतानाची ताकद वाढली का? अँडरसन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास पाहता गावातलं राजकारण त्यावर जास्त अवलंबून राहील.

हाच प्रश्न ऊसतोड कामगारांबाबत आणखी तीव्र होतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, ती मुकादमाकडून आधीच उचल घेऊन. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि उचल फिटेपर्यंत ती जोडी बांधलेली. काम, कर्ज आणि ओळखीचा शब्द हे तिन्ही एकाच माणसाकडून येतात. लाझार्सफेल्डने ईरी काउंटीत पाहिलेला वजनदार ओळखीचा माणूस आणि चिलीचा जमीनदार मुकादमाच्या रूपात एक होतात. कारखाने आणि त्यांच्यामागचं राजकारण किती जवळचं आहे हे महाराष्ट्राला सांगायला नको. श्रमबाजार आणि मतदान एकत्र अभ्यासायचे तर याहून योग्य जागा देशात क्वचित सापडेल.

धोरणाच्या अंगाने यातून निघणारी एक गोष्ट अगदी ठोस आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांवरच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. मतदान यंत्रं आल्यापासून प्रत्येक केंद्राचा आकडा स्वतंत्र लागतो आणि जाहीर होतो. एकट्या मजुराचं मत गुप्त राहतं, पण त्याच्या वस्तीचं, तांड्याचं, वाडीचं मत उघडं पडतं. ज्या गावात रोजगार, उसनवार आणि योजना एकाच दारातून येतात तिथे वस्तीचा आकडा पुरेसा असतो. अनेक यंत्रांची मतं एकत्र करून फक्त बेरीज दाखवणारं टोटलायझर नावाचं उपकरण यासाठीच तयार झालं. निवडणूक आयोगाने त्याचा आग्रह धरला आणि विधी आयोगाने 2015 च्या 255 व्या अहवालात ते वापरण्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ती स्वीकारली नाही. चिलीत 1958 साली एका छापील कागदाने जे घडवलं त्याच्या दिशेने हे छोटं, स्वस्त आणि लगेच टाकता येण्याजोगं पाऊल आहे, आणि महाराष्ट्रातल्या खासदारांनी ते पक्षभेद विसरून मागायला हवं.